शाळा व्यवस्थापन समितीवर नव्याने आलात? पहिल्या वर्षात करायची कामं

पालकसभेत समितीसाठी नावं मागितली जातात, सगळे एकमेकांकडे बघतात आणि मग मागून कुणीतरी म्हणतं, "याचं घाला, हा रोज पोरीला सोडायला येतोच." माझं नाव असंच आलं. पुढची दोन वर्षं मी अध्यक्ष होतो. डोंगराच्या कडेची जिल्हा परिषदेची शाळा, पहिली ते पाचवी, पट ३४. समिती म्हणजे काय, हे सांगणारं तेव्हा कुणी नव्हतं. जे हळूहळू कळलं ते क्रमाने लिहितोय, म्हणजे तुमचे पहिले सहा महिने वाया जाणार नाहीत.

आधी समिती नीट झाली आहे का ते बघा

शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. त्याच्या कलम २१ मध्ये ही समिती आहे. सदस्यांपैकी किमान तीन चतुर्थांश पालक हवेत आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला. वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा द्यायची. अध्यक्ष पालकांमधूनच निवडायचा, मुख्याध्यापक सचिव असतात. मुदत दोन वर्षं, आणि महिन्याला एक बैठक.

कागदावर हे बहुतेक ठिकाणी बरोबर असतं. खरी अडचण अशी की महिला सदस्याच्या नावापुढे सही तिच्या नवऱ्याची असते. आमच्याकडे बैठक दुपारी तीनला ठेवायचे. त्या वेळी बायका भांगलणीला गेलेल्या, येणार कशा? आम्ही वेळ बदलून सकाळी शाळा भरतानाची केली. मुलांना सोडायला आलेल्या आया तिथेच थांबायला लागल्या आणि दुसऱ्याच बैठकीत एक आई बोलली, "मुलींच्या संडासला कुलूप आहे. पोरी मधल्या सुट्टीत घरी येतात आणि परत जात नाहीत." आम्ही पुरुष मंडळी त्या दारासमोरून रोज जात होतो. किल्ली कार्यालयात खिळ्याला टांगलेली होती. आत पाणी नसल्यामुळे घाण होते, म्हणून दार बंद ठेवलं होतं. शाळेच्या माहितीत मात्र "मुलींसाठी स्वतंत्र शौचालय: आहे" असं लिहिलेलं होतं. बैठकीची वेळ ठरवणं हे तुमचं पहिलं खरं काम आहे, ते हलकं समजू नका.

पहिल्या पंधरवड्यात वाचायचे कागद

मुख्याध्यापकांकडे शांतपणे जा. तपासणी करायला आलोय असा सूर नको, "मला समजून घ्यायचंय" म्हणा. मग मागच्या वर्षाचं इतिवृत्त, समितीच्या खात्याचं पासबुक आणि कॅशबुक, शाळेच्या युडायस माहितीची प्रत, पोषण आहाराची साठा नोंदवही आणि मागच्या समितीने केलेला शाळा विकास आराखडा एवढं बघून घ्या. अधिकारी भेटीला येतात तेव्हा शेरेबहीत लिहून जातात, तीही उघडा. शाळेबद्दल वर काय मत आहे ते त्या दहा पानांत कळतं.

युडायस म्हणजे शाळेचा ११ अंकी क्रमांक आणि त्या क्रमांकाखाली भरलेली शाळेची सगळी माहिती: खोल्या किती, त्यातल्या दुरुस्तीला आलेल्या किती, पाणी, वीज, शौचालय, रॅम्प, मुलं, शिक्षक. वरच्या कार्यालयाला तुमची शाळा दिसते ती एवढीच. गळकी खोली तिथे "चांगली" म्हणून नोंदवली असेल तर दुरुस्तीचा पैसा कधीच येणार नाही. मुख्याध्यापक मुद्दाम खोटं भरतात असं नाही. कामाच्या रेट्यात मागच्या वर्षीचीच माहिती पुढे ढकलली जाते. म्हणून माहिती भरायच्या दिवसांत समितीच्या दोघांनी शाळेला एक फेरी मारावी आणि "आहे" व "वापरात आहे" या दोन रकान्यांत फरक करून लिहायला सांगावं.

बोललेलं नव्हे, ठराव केलेलं

हा भाग सावकाश वाचा, कारण समितीची सगळी ताकद इथे आहे. पहिलं वर्षभर मी तोंडी बोलत राहिलो. आमच्या दोन शिक्षकांपैकी एकाला तालुक्याच्या एका कार्यालयात कामासाठी प्रतिनियुक्तीवर नेलं होतं. उरलेले गुरुजी एकटे पाच वर्ग सांभाळत, त्यातच आहाराचा हिशेब आणि ऑनलाइन माहिती. मी चार वेळा गाडी काढून तालुक्याला गेलो. प्रत्येक वेळी चहा मिळाला आणि "बघतो" असं उत्तर मिळालं. पाचव्या वेळी तिथल्याच एका जुन्या लिपिकाने सांगितलं, "अध्यक्ष, तुमचं म्हणणं खरं आहे, पण माझ्या टेबलावर कागद कुठंय? कागद असेल तर मला साहेबांपुढे फाईल ठेवावीच लागते."

पुढच्या बैठकीत आम्ही असा ठराव लिहिला:

"विषय क्र. ४: शाळेतील कार्यरत शिक्षकांबाबत. शाळेचा पट ३४ असून शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीनुसार शाळेस २ शिक्षक आवश्यक आहेत. प्रत्यक्षात दि. … पासून एकच शिक्षक अध्यापन करीत असून इयत्ता १ ली ते ५ वी एकाच खोलीत बसत आहेत. सदर प्रतिनियुक्ती रद्द करून संबंधित शिक्षकांना मूळ शाळेवर हजर करावे, अशी मागणी ही सभा करीत आहे. सूचक: … अनुमोदक: … ठराव सर्वानुमते मंजूर."

यात राग कुठेही नाही. पट किती, कायदा काय म्हणतो, कधीपासून अडचण आहे आणि नेमकं काय हवं, एवढंच आहे. सोबत कलम २७ चा उल्लेख असलेलं पत्र जोडलं. दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून शिक्षकांना शिक्षणाबाहेरच्या कामाला लावता येत नाही, असं ते कलम सांगतं. पत्र केंद्रप्रमुखांमार्फत (आसपासच्या शाळांच्या गटावरचे अधिकारी) तालुक्याच्या गटशिक्षणाधिकाऱ्यांना आणि प्रत शिक्षणाधिकारी (प्राथमिक) यांना. आवक शिक्का आणि तारीख असलेली पोच घेतली. सहाव्या आठवड्यात शिक्षक परत आले.

यातून काही सवयी लागल्या. बैठकीची नोटीस आधी काढायची आणि त्यावर विषय लिहायचे, कारण "आयत्या वेळचे विषय" यात घातलेला महत्त्वाचा ठराव पुढे कुणीही खोडून काढू शकतो. इतिवृत्त बैठकीतच लिहायचं, वाचून दाखवायचं आणि मगच सह्या. कोऱ्या पानावर सही करून घरी जायचं नाही, कितीही घाई असली तरी. आपल्या मोबाईलमध्ये त्या पानाचा फोटो ठेवायचा. पुढच्या प्रत्येक बैठकीचा पहिला विषय एकच: मागच्या ठरावांचं काय झालं. एवढं केलंत की महिन्याची बैठक सह्यांपुरती उरत नाही.

दाद मागायची पायरी चुकवू नका. केंद्रप्रमुख, मग गटशिक्षणाधिकारी, मग जिल्हा परिषदेचे शिक्षणाधिकारी, त्यांच्यावर मुख्य कार्यकारी अधिकारी. थेट वर गेलात की वरून तोच कागद "योग्य कार्यवाहीस्तव" खाली येतो आणि महिना जातो. मुलांच्या हक्काबद्दलची लेखी तक्रार स्थानिक प्राधिकरणाकडे केली तर कलम ३२ नुसार त्यावर ३ महिन्यांत निर्णय द्यायचा असतो. त्यानंतरही समाधान झालं नाही तर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील आहे. आणि माहितीच दिली जात नसेल तर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहिती अधिकाराचा अर्ज, उत्तराची मुदत ३० दिवस. आम्हाला हा अर्ज एकदाच करावा लागला.

३० सप्टेंबर ही तारीख भिंतीवर लिहून ठेवा

पुढच्या वर्षी तुमच्या शाळेत किती शिक्षक असतील, हे मार्च-एप्रिलमध्ये ठरतं असं वाटतं. ते ठरतं ३० सप्टेंबरच्या पटावर. त्या पटावरून संचमान्यता होते, म्हणजे शाळेला किती पदं मंजूर हे ठरतं. कायद्याच्या अनुसूचीप्रमाणे पहिली ते पाचवीला ६० मुलांपर्यंत २ शिक्षक, ६१ ते ९० ला ३, ९१ ते १२० ला ४. सहावी ते आठवीत ३५ मुलांमागे एक आणि विज्ञान-गणित, समाजशास्त्र, भाषा यांना किमान एकेक शिक्षक. एखादं मूल कमी पडलं आणि पट ६१ चा ६० झाला, की एक शिक्षक अतिरिक्त ठरून दुसऱ्या गावी जातो.

महाराष्ट्रात १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने संचमान्यतेचे निकष बदलले आणि कमी पटाच्या शाळांची काळजी आणखी वाढली. म्हणून हा निर्णय आणि त्यानंतरचे बदल मुख्याध्यापकांबरोबर बसून एकदा वाचाच. आपल्या शाळेच्या पटाला कोणता निकष लागतो, ते आकड्यात लिहून घ्या.

इथे समितीला प्रत्यक्ष करता येण्यासारखं खूप आहे. संचमान्यतेत आधार जुळलेल्या मुलांचीच गणती होते. मूल रोज वर्गात बसतं, पण आधारावर नाव "सोनू" आणि शाळेत "सोनाली", किंवा जन्मतारखेत फरक, की मशीन ते मूल मान्य करत नाही. मुख्याध्यापक एकटे घरोघर फिरू शकत नाहीत. आम्ही जुलैमध्ये यादी घेतली. ३४ पैकी ७ मुलांची नावं जुळत नव्हती. वाडीनुसार सदस्य वाटून घेतले, सरपंचांना सांगून आधार दुरुस्तीचं यंत्र एक दिवस गावात आणलं. बहुतेक पालकांना आपल्या मुलाचं नाव चुकलंय हेच माहीत नव्हतं.

याच दिवसांत शाळाबाह्य मुलंही शोधा. वीटभट्टीवर, धनगरवाड्यावर, मेंढरांमागे असलेली मुलं बहुधा कुठल्याच पटावर नसतात. जन्माचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही आणि जुन्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला तरी नाकारता येत नाही. हे दोन्ही कायद्यात स्पष्ट आहे. गुरुजींना माहीत असतंच, पालकांना नसतं. त्यांना ते सांगायला समितीचा माणूस लागतो.

ऊसतोडीला जाणाऱ्या घरांचा प्रश्न वेगळा. मूल ३० सप्टेंबरला हजर असतं आणि दिवाळीनंतर आईबापाबरोबर कोयता घेऊन कारखान्यावर. बीडसारख्या जिल्ह्यांत त्यासाठी हंगामी वसतिगृहं चालतात आणि ती शाळा व्यवस्थापन समितीच चालवते: मूल आजी-आजोबांजवळ गावातच राहतं, जेवण समितीकडून. तुमच्या गावात स्थलांतर होत असेल तर प्रस्तावाची तयारी दसऱ्याच्या आधी सुरू करा. बैलगाड्या निघाल्यावर उपयोग नाही.

खिचडी रोज कुणीतरी चाखली पाहिजे

पोषण आहार योजना देशात १५ ऑगस्ट १९९५ ला सुरू झाली. आता तिचं नाव पीएम पोषण आहे, गावात अजून खिचडीच म्हणतात. प्रमाण ठरलेलं आहे: पहिली ते पाचवीला एका मुलामागे दिवसाला १०० ग्रॅम तांदूळ, ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिनं. सहावी ते आठवीला १५० ग्रॅम तांदूळ, ७०० उष्मांक, २० ग्रॅम प्रथिनं.

तपासायला शास्त्रज्ञ लागत नाही. आज ३० मुलं हजर तर तांदूळ ३ किलो निघाला पाहिजे. साठा नोंदवहीतली नोंद, हजेरी आणि पातेलं, हे तिन्ही जुळतं का एवढं बघा. डाळीचं पोतं उघडून वास घ्या, तळाशी हात घाला, कारण ओल तिथे असते. मुलांना वाढण्याआधी चव घ्यायची असते आणि ती चव रजिस्टरमध्ये लिहायची असते. आमच्याकडे सगळ्या दिवसांची चव एकाच पेनाने, एकाच अक्षरात "उत्तम" अशी लिहिलेली होती. आम्ही पालकांची पाळी लावली. पहिल्याच आठवड्यात एका आजीने लिहायला सांगितलं: "मीठ कमी, डाळ शिजली नाही." स्वयंपाक करणाऱ्या मावशींना वाईट वाटलं. मग कळलं की चुलीला लाकूड ओलं मिळतंय. लाकूड ठेवायला छप्पर नव्हतं. चार पत्रे टाकल्यावर डाळ शिजायला लागली. मावशींचं मानधन वेळेवर येतं का, हेही त्याच बैठकीत विचारा. तुमच्या मुलांना रोज गरम जेवायला घालणाऱ्या बाईचे पैसे महिनोन् महिने थकले असतील तर तो समितीचाच विषय आहे.

पैसा येतो कुठून

समग्र शिक्षा योजनेतून शाळेला संयुक्त अनुदान येतं. ठरलेला दर पटावर आहे: ३० मुलांपर्यंत १०,००० रुपये, ३१ ते १०० ला २५,०००, १०१ ते २५० ला ५०,०००. यातला १० टक्के भाग स्वच्छतेच्या कामासाठी. खडू, वीजबिल, छोटी दुरुस्ती, सगळं यातूनच. पूर्वी पैसा समितीच्या खात्यात येऊन पडायचा. आता बहुतेक वेळा खर्चाची मर्यादा येते आणि ३१ मार्चपर्यंत वापरली नाही तर जाते. म्हणून काय घ्यायचं त्याचा ठराव डिसेंबरातच करून ठेवा, मार्चच्या शेवटच्या आठवड्यात पोर्टल चालत नाही. प्रत्येक खर्चाला पावती आणि ठराव हवा. संयुक्त सही तुमची आहे, म्हणजे जबाबदारीही तुमची आहे.

मोठ्या कामांसाठी हा पैसा पुरत नाही. त्यासाठी शाळा विकास आराखडा. कलम २२ नुसार तो समितीनेच करायचा असतो. तीन वर्षांचा, त्यात वर्षवार भाग, आणि आर्थिक वर्ष संपायच्या तीन महिने आधी तयार. छापील नमुना भरून टाकण्याचा मोह होईल, पण दोन गोष्टी जरी मनापासून लिहिल्यात तरी चालेल. आमच्या आराखड्यात पहिल्या वर्षी दोनच ओळी होत्या: मुलींच्या शौचालयाला पाणी आणि पडायला आलेल्या जुन्या खोलीचं निर्लेखन, म्हणजे ती नोंदीतून काढून पाडणं. धोकादायक खोली पाडायलाही मंजुरी लागते, हे नव्या माणसाला माहीत नसतं. बांधकाम विभागाच्या अभियंत्याने पाहणी करून अहवाल दिल्याशिवाय तिला हात लावता येत नाही. मुलं मात्र तिच्या सावलीत खेळत असतात. हे पत्र पावसाळ्याच्या आधी जायला हवं.

पाण्याची ओळ आम्ही ग्रामसभेत नेली. वर्षाला किमान चार ग्रामसभा होतात आणि ग्रामपंचायतीचा विकास आराखडा २ ऑक्टोबरच्या सुमारास आकार घ्यायला लागतो. तेव्हा शाळेचा विषय त्यात आला नाही तर वर्ष गेलं. १५ व्या वित्त आयोगाच्या निधीतला ६० टक्के वाटा पाणी आणि स्वच्छतेसाठी बंधित, म्हणजे त्यावरच खर्च करायचा होता. शाळेच्या टाकीला आणि शौचालयाला याच्याइतकं नीट बसणारं दुसरं काम नाही, हे आम्ही सरपंचांना आकड्यानिशी सांगितलं. ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातला १० टक्के भाग महिला व बालकल्याणावर खर्च करायचा असतो, तो कुठे जातो हेही विचारलं. ग्रामसभेत त्या दिवशी २२ आया आल्या होत्या. ठराव आवाजी मतदानाने झाला. पाइप यायला पाच महिने लागले, पण आले, आणि खिळ्यावरची किल्ली निघाली.

शाळा बंद होण्याची कुजबुज सुरू झाली तर

हे आज नाही तर उद्या तुमच्यासमोर येऊ शकतं. २०१७ च्या अखेरीला राज्यात कमी पटाच्या १,३१४ शाळांचं समायोजन, म्हणजे त्या बंद करून मुलं जवळच्या शाळेत पाठवायचं ठरलं होतं. सप्टेंबर २०२३ मध्ये समूह शाळांचे, म्हणजे छोट्या शाळा एकत्र करून एक मोठी शाळा करायचे प्रस्ताव मागवले गेले, तेव्हा २० पेक्षा कमी पटाच्या शाळांचा आकडा पुढे आला: १४,७८३ शाळा आणि त्यांत १ लाख ८५ हजारांवर मुलं. पुणे जिल्ह्यातलं पानशेत आणि नंदुरबारमधलं तोरणमाळ ही समूह शाळांची उदाहरणं समोर ठेवली गेली.

मोठ्या शाळेत मैदान, ग्रंथालय, प्रत्येक वर्गाला वेगळा शिक्षक हे असतं, ते मी नाकारणार नाही. नऊ मुलांच्या शाळेत कबड्डीचे दोन संघही होत नाहीत. पण पहिलीतली मुलगी ओढ्याला पाणी आल्यावर पलीकडच्या शाळेत जाणार नाही, आणि दोन महिने घरी बसलेली मुलगी तिसऱ्या महिन्यात भावंडं सांभाळायला लागते. माझ्या डोळ्यांसमोर शेजारच्या वाडीत हे झालंय. म्हणून माझं मत सरळ आहे: वाडीवरची पहिली-दुसरी तरी हलू देऊ नका.

नियम तुमच्या बाजूने आहे. पहिली ते पाचवीची शाळा वस्तीपासून १ किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची ३ किलोमीटरच्या आत हवी. कुजबुज कानावर आली की नोटिशीची वाट न बघता कामाला लागा. प्रत्येक मुलाच्या घरापासून प्रस्तावित शाळेपर्यंतचं अंतर पायवाटेने मोजा. गुगलवरचं सरळ रेषेतलं अंतर डोंगरात खोटं असतं. वाटेतला ओढा, रान, डांबरी रस्ता ओलांडायची जागा, सगळं हाताने काढलेल्या नकाशावर दाखवा आणि जुलैतल्या ओढ्याचा फोटो तारखेसह लावा. समितीचा ठराव, त्यापाठोपाठ ग्रामसभेचा ठराव, आणि दोन्हीच्या प्रती शिक्षणाधिकाऱ्यांपासून जिल्हा परिषद सदस्यापर्यंत. वाहनाचं आश्वासन मिळालं तर विचारा: गाडी वाडीपर्यंत येणार की फाट्यापर्यंत? पावसाळ्यात येणार का? समग्र शिक्षेत दूरच्या मुलांसाठी वर्षाला ६,००० रुपयांपर्यंत वाहतुकीची तरतूद आहे. दिवसाला किती पडतात ते वहीत मांडा आणि तेवढ्यात जीप येते का, हे गावातल्याच जीपवाल्याकडून लिहून घ्या. आमच्या शेजारच्या वाडीने हे केलं नाही, त्यांनी मोर्चा काढला. मोर्चाचा फोटो पेपरात आला, फाईलमध्ये मात्र त्यांच्या बाजूचा एकही कागद नव्हता.

गुरुजींशी कसं वागायचं

समिती आणि शिक्षक यांच्यात दोन टोकं दिसतात. कुठे अध्यक्ष शाळेत जाऊन सगळ्यांसमोर गुरुजींना बोलतो, तर कुठे चहा पिऊन सही करून येतो. दोन्हीत मुलांचं नुकसान. शिक्षक उशिरा येत असतील तर आधी एकट्याला भेटून विचारा. नियमित आणि वेळेवर हजर राहणं हे कलम २४ मध्ये शिक्षकाचं कर्तव्य आहे, ते पुढच्या टप्प्यावर लेखी सांगता येतं. मुलांना मारणं मात्र एका दिवसाचंही सहन करायचं नाही, कलम १७ ने ते बंद केलंय.

आणि महिन्यातून एकदा मुलांचं वाचन ऐका. परीक्षा घ्यायची नाही, पुस्तक पुढे ठेवून "मला वाचून दाखव" म्हणायचं. तिसरीतला मुलगा जोडाक्षराला अडखळत असेल तर तो बैठकीचा विषय आहे, रंगरंगोटी आणि गॅदरिंगच्या आधीचा.

दोन वर्षं संपताना

नवी समिती निवडली जाईल त्या दिवशी एक फाईल तयार ठेवा: सगळ्या ठरावांच्या प्रती, पोच असलेली पत्रं, कुठलं काम कुठल्या टेबलावर अडकलंय त्याची एक पानी यादी, आणि आधार न जुळलेल्या मुलांची ताजी नावं. नव्या अध्यक्षाबरोबर एकदा तालुक्याला जा, त्यांची ओळख करून द्या. मी गेलो तेव्हा तेच लिपिक होते. त्यांनी नव्या ताईंना खुर्ची दिली आणि विचारलं, "कागद आणलाय ना?" ताईंनी पिशवीतून ठराव काढला.